मेंदूचे शास्त्र आणि शाळेची घंटा

पुण्याला व्याख्यानांचे वावडे कधीच नव्हते. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आजही भरते, आणि अलीकडे या शहराच्या श्रोत्यांना ज्या विषयांनी ओढ लावली आहे त्यांत मेंदूचा क्रमांक बराच वरचा आहे. ताण कसा हाताळावा, मुलांची एकाग्रता कशी वाढवावी, मोबाईलचा नाद कसा सोडवावा, उतारवयातला विसरभोळेपणा कसा लांबवावा, या सगळ्यांची उत्तरे आता मेंदूविज्ञानाच्या आधाराने दिली जातात. श्रोते टिपणे घेतात, वक्त्याला जिन्यात गाठून शंका विचारतात आणि पुढचे चार दिवस फोन दुसऱ्या खोलीत ठेवून झोपतात. यात हसण्यासारखे काही नाही. आपल्या चिडचिडीचे किंवा उगाच दाटून येणाऱ्या भीतीचे कारण नशिबात आणि स्वभावात शोधण्याऐवजी शरीरात शोधावे, ही मोठीच सुधारणा आहे.

माझा आक्षेप निराळा आहे. या व्याख्यानांतला सल्ला नेहमी एकट्या माणसाला उद्देशून असतो: तुम्ही लवकर झोपा, तुम्ही चाला, तुम्ही दीर्घ श्वास घ्या. मेंदूविज्ञानाचे जे निष्कर्ष सर्वांत भक्कम आहेत, त्यांतले बरेचसे मात्र अशा गोष्टींविषयी आहेत ज्या एकट्या माणसाच्या हातात पुरत्या नसतात. मुलाने किती वाजता उठायचे हे शाळा ठरवते, रात्री शांतता मिळेल की नाही हे घरासमोरचा रस्ता ठरवतो, आणि चालायला जागा महापालिका राखते किंवा राखत नाही. या शास्त्रावर आपला खरोखर विश्वास असेल, तर त्याचा जाब घराघरांतल्या आईवडिलांना विचारण्याआधी शहराचे वेळापत्रक ठरवणाऱ्यांना विचारला पाहिजे.

मेंदू अभ्यासाने बदलतो, हे वाक्य आता सर्वतोमुखी झाले आहे. पण तो कशाने बदलतो याचे एक उदाहरण आपल्या व्याख्यानांत फारसे ऐकू येत नाही, आणि ते तर आपल्याच लिपीचे आहे. लखनऊजवळच्या खेड्यांतल्या, तिशीच्या आसपासच्या निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवण्यात आले. शिकणाऱ्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. शिकवण्याआधी आणि नंतर त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या, तेव्हा केवळ मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे वरच्या थरातच नव्हे, तर थॅलॅमस आणि मस्तिष्कस्तंभ या खोलवरच्या, उत्क्रांतीच्या दृष्टीने जुन्या भागांतही फरक पडलेला दिसला. हे संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या स्त्रियांनी मनाचा निर्धार केला असेलच, पण त्यांच्या मेंदूत बदल होण्यासाठी कोणीतरी शिक्षक नेमला, वर्गाची वेळ ठरवली आणि सहा महिने ती पाळली. मेंदूच्या लवचिकतेचा बहुतेक सगळा इतिहास असा सोयींचा आणि संधींचा इतिहास आहे. ‘एकवीस दिवसांत मेंदू बदला’ असे फलक लावणाऱ्यांना ही बाजू सांगणे परवडत नाही. (एकवीस दिवसांचा आकडाही कच्चाच आहे. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साधी नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागलेले दिसले, आणि माणसागणिक हा अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता.)

सोयींचा हा मुद्दा झोपेइतका स्पष्ट दुसरीकडे कुठेच दिसत नाही, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो.

रात्री नीट झोप झाली नाही की दुसऱ्या दिवशी माणूस क्षुल्लक गोष्टीवरून वसकन अंगावर येतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. त्यामागे काय घडते हे २००७ मध्ये अमेरिकेत २६ तरुणांवर झालेल्या एका प्रयोगातून दिसले. त्यांतल्या काहींना सुमारे ३५ तास जागे ठेवले, बाकीच्यांना नेहमीप्रमाणे झोपू दिले आणि मग दोघांनाही अस्वस्थ करणारी छायाचित्रे दाखवून त्यांच्या मेंदूची प्रतिक्रिया तपासली. अमिग्डाला हा मेंदूतला बदामाएवढा भाग धोका आणि भावनिक महत्त्व हेरतो. जागलेल्यांच्या अमिग्डालाची प्रतिक्रिया झोपलेल्यांपेक्षा ६० टक्क्यांनी अधिक तीव्र होती, आणि एरवी तिला आवर घालणाऱ्या, कपाळामागच्या भागाशी असलेला अमिग्डालाचा संपर्क ढिला पडला होता. म्हणजे न झोपलेला माणूस नुसता दमलेला नसतो. त्याचा राग लवकर पेटतो आणि तो विझवणारी यंत्रणा त्या दिवशी अर्धवट रजेवर असते.

एका रात्रीचे जागरण हा अपवाद म्हणून सोडून देता येईल. रोज थोडी थोडी झोप कमी पडते तेव्हा काय होते, हा प्रश्न आपल्याकडच्या घरांशी अधिक जुळणारा आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले की चौदा दिवस रोज सहाच तास झोपू दिलेल्या निरोगी माणसांचे लक्ष आणि कार्यस्मृती (हातातल्या कामापुरते लक्षात ठेवण्याची क्षमता) एकदोन रात्री अखंड जागलेल्या माणसांच्या पातळीवर घसरते. त्याहून महत्त्वाचा भाग पुढे आहे. या लोकांना आपण फार झोपाळलो आहोत असे वाटतच नव्हते. पहिल्या काही दिवसांनंतर पेंग येण्याची जाणीव जवळपास स्थिरावली, चुका मात्र वाढत राहिल्या. ‘मला सहा तास पुरतात’ असे अभिमानाने सांगणाऱ्या माणसाच्या साक्षीवर विश्वास का ठेवू नये, याचे याहून चांगले कारण मला ठाऊक नाही. अर्धी कटिंग मारून संध्याकाळ रेटणाऱ्यांनाही हेच लागू आहे. दिवसभराच्या जागेपणात साठत जाणारे अडेनोसिन मेंदूला थकव्याची खबर देते, आणि चहातले कॅफिन ती खबर पोहोचण्याची जागा अडवून बसते. थकवा जिथल्या तिथे असतो.

आता पौगंडावस्थेतल्या मुलांकडे वळू. शरीराच्या पेशींत चालणाऱ्या दैनिक घड्याळाची रेणूंच्या पातळीवरची रचना उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या सगळ्या घड्याळांना एका वेळेवर आणणारे मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्या जागेच्या अगदी वर असते, आणि ते मुख्यतः डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशावरून लावले जाते. अंधार पडल्यावर याच घड्याळाच्या इशाऱ्याने मेलाटोनिन हे संप्रेरक पाझरू लागते आणि शरीर रात्रीसाठी तयार होते. वयात येताना हे घड्याळ उशिराकडे सरकते. झोपेच्या संशोधक मेरी कार्सकॅडन यांच्यासह अनेकांनी गेल्या तीनचार दशकांत दाखवून दिले आहे की किशोरवयात मेलाटोनिन उशिरा पाझरू लागते आणि झोपेचा दाबही, म्हणजे जागेपणाबरोबर वाढत जाणारी झोपेची ओढही, लहानपणापेक्षा सावकाश वाढतो. झोपेची गरज मात्र तितकी घटत नाही. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तासांची झोप हवी, असे झोपतज्ज्ञांचे मत आहे. रात्री अकराच्या आधी ज्याला झोप लागत नाही आणि पहाटे साडेपाचला ज्याला उठवले जाते, त्याच्या वाट्याला साडेसहा तासही येत नाहीत. जी झोप कापली जाते ती पहाटेची असते, आणि स्वप्नांच्या झोपेचा मोठा वाटा पहाटेच पडतो. भावनांशी बांधलेल्या आठवणी मार्गी लावण्याच्या कामात या झोपेचा हात असावा असे बरेच पुरावे सांगतात.

पुण्याच्या बाबतीत यात आणखी एक भर पडते. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि पुणे सुमारे ७३.८ अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटे धरली, तर आपल्या भिंतीवरचे घड्याळ पुण्याच्या सूर्यापेक्षा जवळपास ३५ मिनिटे पुढे धावते. शाळेची सातची घंटा इथल्या सूर्याच्या हिशेबाने साडेसहाच्याही आधी वाजते. जानेवारीच्या मध्यात पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो, म्हणजे पहिला तास सुरू होतो तेव्हा बाहेर पुरते उजाडलेलेही नसते. देशात जिथे घड्याळाप्रमाणे सूर्य उशिरा मावळतो तिथली मुले कमी झोपतात, असे भारतातल्याच आकडेवारीवरून एका अर्थतज्ज्ञाने दाखवले आहे, आणि पश्चिमेकडच्या शहरांना हे चांगलेच लागू पडते.

जानेवारीतल्या कुठल्याही कामाच्या दिवशी कोथरूडमधल्या किंवा सातारा रस्त्यावरच्या एखाद्या सोसायटीच्या फाटकाशी सव्वासहाला उभे राहून पाहावे. रस्त्यावरचे दिवे चालू असतात. कानटोपी घातलेला आठवीतला मुलगा दप्तर पोटाशी धरून कठड्याला टेकतो आणि डोळे मिटतो. आई डबा आणि पाण्याची बाटली दप्तरात कोंबते, दुधाचा पेला पुढे करते आणि तो अर्धाच परत येतो. व्हॅन येते, काका आतून दार ढकलतात, आणि आधीच्या थांब्यांवर चढलेली मुले काचेला डोके टेकून झोपलेली असतात. या मुलाला पहिल्या तासाला बीजगणित असते. दुसऱ्या दिवशी वहीत ‘वर्गात लक्ष देत नाही’ असा शेरा येतो, आणि पालक एकाग्रता वाढवणाऱ्या वर्गाची चौकशी करू लागतात.

महाराष्ट्राने या प्रश्नाला हात घातला आहे, हे मान्य केले पाहिजे. डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा विषय जाहीरपणे काढला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शासन निर्णय निघाला: पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग २०२४-२५ पासून सकाळी नऊच्या आत भरवू नयेत. हेतू चांगला होता आणि लहान मुलांना झोप कमी पडत होती हेही खरे. पण शास्त्राच्या नजरेतून पाहिले तर वयाची निवड उलटी झाली. सहासात वर्षांचे मूल बहुधा रात्री नऊला पेंगते आणि सकाळी आपणहून उठते. त्याच्या घड्याळाचे पहाटेशी वैर नसते. वैर असते ते तेराव्या वर्षाच्या पुढे. आणि शाळेची इमारत एकच, सत्रे दोन, अशी स्थिती असेल, तर लहानांना नऊची वेळ दिली की मोठ्यांच्या वाट्याला सकाळचे सातच उरतात. ज्यांना दिलासा हवा होता त्यांच्याच डोक्यावर हा निर्णय बसण्याचा धोका आहे. आठवी ते बारावीच्या वर्गांविषयी या निर्णयात अवाक्षर नाही, ही या धोरणातली सर्वांत मोठी उणीव मला वाटते.

इतरत्र हा प्रयोग झालेला आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच माध्यमिक शाळा साडेआठच्या आत भरू नयेत अशी शिफारस केली. सिएटल शहराने २०१६ मध्ये माध्यमिक शाळांची वेळ ७.५० वरून ८.४५ केली. विद्यार्थ्यांच्या मनगटाला यंत्रे बांधून झोप मोजण्यात आली, तेव्हा ती रोज सरासरी ३४ मिनिटांनी वाढलेली आढळली. वेळ पुढे नेली की मुले तेवढी जास्त जागतील, हा सर्वांत जुना आक्षेप त्या मोजणीने बराचसा निकालात काढला. कॅलिफोर्नियाने तर २०१९ मध्ये कायदा केला आणि २०२२ पासून तो लागू आहे. चौतीस मिनिटे ऐकायला किरकोळ वाटतात. पाच दिवसांच्या आठवड्यात ती पावणेतीन तासांहून जास्त होतात.

आपल्याकडचे आक्षेप मला ठाऊक आहेत आणि त्यांतले काही वजनदार आहेत. आईवडील दोघेही नोकरीला जात असतील तर मुलाला नऊला शाळेत कोण सोडणार? नऊच्या सुमाराला कर्वे रस्त्यावर किंवा हडपसरच्या चौकात शाळांच्या बस उतरल्या तर वाहतुकीचे काय होणार? व्हॅनवाले एकाच गाडीने दोन सत्रांच्या फेऱ्या मारतात, त्यांचे गणित कसे बसणार? ही आडकाठी खरी आहे आणि ती आकडेमोड करूनच दूर करावी लागेल. सगळ्यांना नऊ असा हट्ट न धरता माध्यमिक वर्गांना साडेआठ, प्राथमिक वर्गांना त्याआधी किंवा दुपारी, अशा वाटा शोधता येतील. ‘मुलांना लवकर झोपवा, सगळे प्रश्न मिटतील’ हा आक्षेप मात्र शास्त्राला धरून नाही. नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे एकदोन तास हे दिवसातल्या सर्वाधिक जागेपणाच्या तासांत मोडतात. त्या वेळी अंथरुणात ढकललेला मुलगा छताकडे पाहत पडून राहतो. फोनचा उजेड आणि फोनमधली गंमत यांनी हा उशीर आणखी वाढतो हे कबूल, पण फोन घरात नसतानाही किशोरांचे घड्याळ उशिराचेच असते. आणि ‘आम्हीही सकाळच्या शाळेत गेलो, आमचे काय बिघडले’ असे म्हणणाऱ्या पिढीची शाळा पेठेतच, घरापासून दहा मिनिटांवर होती आणि संध्याकाळी साडेआठपर्यंत क्लास नव्हता.

क्लासचा विषय निघालाच आहे तर एवढेच म्हणतो की शाळेची वेळ पुढे नेली आणि क्लासने ती संध्याकाळी परत घेतली, तर काहीच साधणार नाही. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त शिकवू नये आणि वर्ग फार पहाटे किंवा फार रात्री घेऊ नयेत असे लिहिलेले आहे. रात्री नऊला डेक्कनवरून घरी परतणाऱ्या दुचाक्यांवर मागे बसलेली मुले पाहिली, की या सूचना कितपत झिरपल्या आहेत याचा अंदाज येतो.

रात्रीच्या आवाजाचा प्रश्न याच रांगेतला आहे. कानाला पापणी नसते. आपण झोपलो तरी मेंदू आवाज ऐकतच राहतो आणि त्यांची छाननी करतो, म्हणून तर झोपेत इतर शब्दांपेक्षा स्वतःच्या नावाला त्याचा प्रतिसाद वेगळा असतो. कर्कश हॉर्न वाजला की झोपलेल्या माणसाची हृदयगती क्षणभर वाढते, झोप उथळ होते, आणि सकाळी त्याला यातले काहीच आठवत नाही. ‘आम्हाला आवाजाची सवय झाली आहे’ असे सिंहगड रस्त्यावरचा रहिवासी प्रामाणिकपणे सांगतो. जाग येण्याची सवय मोडलेली असते, हृदयाची तितकीशी मोडत नाही. बॉस्टनमध्ये सुमारे ५०० जणांचा काही वर्षे पाठपुरावा करून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वाहतुकीच्या गोंगाटात राहणाऱ्यांच्या अमिग्डालाची तणावाशी निगडित हालचाल जास्त आढळली आणि त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाणही जास्त निघाले. अशा अभ्यासातून कार्यकारणाचा अंतिम निवाडा होत नाही, पण दिशा कळते. आपल्याकडे २००० सालापासून नियम आहेत: निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, दहा ते सहा ध्वनिक्षेपकांना बंदी. विसर्जन मिरवणुकीतला लक्ष्मी रस्त्यावरचा आवाज सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेचे विद्यार्थी वर्षानुवर्षे मोजत आले आहेत आणि तो शंभर डेसिबलच्या आसपास गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्यावरचा वाद कोजागरीपर्यंत शमतो. मला स्वतःला त्या एका रात्रीपेक्षा उरलेल्या ३६४ रात्रींची काळजी अधिक वाटते, कारण त्या मोजायला कोणीच जात नाही.

टेकड्यांविषयी पुणेकरांना नव्याने सांगण्यासारखे थोडेच आहे. आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटे चालणाऱ्या वृद्धांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा स्मरणाशी निगडित भाग वर्षभरात सुमारे दोन टक्क्यांनी वाढल्याचे १२० जणांवरच्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. एरवी उतारवयात तो आक्रसत जातो. झाडीतून दीड तास चालून आल्यावर तेच ते खिन्न विचार घोळवण्याची प्रवृत्ती आणि तिच्याशी जोडलेल्या भागाची हालचाल कमी झाल्याचे कॅलिफोर्नियात २०१५ मध्ये आढळले. वेताळ टेकडीवरच्या प्रस्तावित रस्त्याला विरोध करणाऱ्यांना हौशी निसर्गप्रेमी म्हणून बाजूला सारले जाते, तेव्हा हे निष्कर्ष त्यांच्या बाजूने मांडले जावेत एवढीच अपेक्षा. मांजरी किंवा धायरीसारख्या उपनगरात राहणाऱ्याला मात्र जवळ टेकडी असेलच असे नाही. त्याला सलग, न खचलेला पदपथ मिळाला तरी खूप झाले.

इतका भक्कम पुरावा सार्वजनिक सोयींच्या बाजूने असताना बाजारात खपते ते भलतेच. बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धिमत्ता आणि करिअर सांगणारी चाचणी पुण्यात सर्रास विकली जाते. या चाचणीला शास्त्रीय आधार नाही, असे भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने स्पष्ट केलेले आहे. डोळ्यांवर पट्टी बांधून मुले वाचू लागतात असा दावा करणाऱ्या वर्गांचे पितळ अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी केव्हाच उघडे पाडले. मुले नाकाजवळच्या फटीतून पाहत असतात. तरीही शिकलेली माणसे भुलतात, आणि त्याचेही कारण संशोधनातच सापडते. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले की निरर्थक स्पष्टीकरणात मेंदूच्या एखाद्या भागाचे नाव घुसडले, की सामान्य वाचकाला ते अधिक पटते. मेंदूच्या रंगीत प्रतिमाही जपूनच वाचाव्यात. २००९ मध्ये क्रेग बेनेट या संशोधकाने मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे ‘दाखवली’, आणि आकडेमोडीत पुरेशी दक्षता न घेतल्यास त्या माशाच्या मेंदूतही हालचाल दिसते हे सिद्ध केले. हा विनोद नव्हता, आपल्याच क्षेत्राला दिलेला इशारा होता.

ज्या शास्त्राला स्वतःला दुरुस्त करता येते त्याच्यावरच विसंबावे. आठ आठवडे ध्यान केल्याने मेंदूची रचना बदलते, असे बरीच वर्षे सांगितले जात होते. २०२२ मध्ये ध्यानाच्या संशोधनाशी दीर्घकाळ संबंध असलेल्या गटानेच अधिक काटेकोर प्रयोग करून असा रचनात्मक बदल आढळत नसल्याचे प्रसिद्ध केले. ध्यानाचा उपयोग नाही असा याचा अर्थ होत नाही. ज्यांना त्याने शांत वाटते त्यांचे शांत वाटणे पुरेसे आहे. त्याला स्कॅनरचे प्रशस्तिपत्र लागत नाही.

मनाच्या आजारांकडे येताना मेंदूविज्ञानाच्या भाषेचा एक तोटाही नोंदवला पाहिजे. ‘सेरोटोनिन हे मेंदूतले रसायन कमी पडले म्हणून नैराश्य आले’ हे स्पष्टीकरण लोकप्रिय झाले, कारण त्यात कोणाचा दोष नाही. पण उपलब्ध अभ्यासांचा २०२२ मध्ये एकत्र आढावा घेतला तेव्हा त्याला सुसंगत आधार सापडला नाही. नैराश्यावरची औषधे निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ काढणे धोक्याचे आहे. २०१८ मध्ये २१ औषधांच्या चाचण्या एकत्र तपासल्या असता सगळीच औषधे, कमीअधिक प्रमाणात, औषध नसलेल्या नुसत्या पोकळ गोळीपेक्षा सरस ठरली होती. औषध उपयोगी पडते, पण का याचे सोपे उत्तर अजून नाही, अशी ही अवघड जागा आहे. आणि आजाराचे कारण फक्त मेंदूत आहे असे लोकांना सांगितले, की रोग्याला दोष देणे कमी होते, पण तो बरा होईल ही आशाही कमी होते, असे २०१३ च्या एका व्यापक आढाव्यात दिसले. नातेवाईक ‘तो नाटक करतो’ म्हणायचे थांबतात आणि ‘त्याचा मेंदूच तसा आहे’ म्हणू लागतात; रोग्याच्या दृष्टीने दुसरे वाक्य पहिल्यापेक्षा फारसे सुखाचे नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ मध्ये १०.६ टक्के प्रौढांना मानसिक विकार असल्याचे आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे नोंदवले. ही दरी मेंदूच्या नव्या शोधाने नव्हे, तर दवाखाने आणि समुपदेशक वाढवूनच बुजेल. तोवर टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा विनाशुल्क क्रमांक प्रत्येक शाळेच्या फळ्याशेजारी लिहिलेला असायला कोणाची हरकत नसावी.

माझी मागणी त्यामुळे मर्यादित आहे आणि ती आठवी ते दहावीपुरती आहे. पुणे महापालिका स्वतः माध्यमिक शाळा चालवते. त्यांतल्या काही शाळा एक वर्ष साडेआठला भरवाव्यात, काही आहेत तशा ठेवाव्यात, आणि दोन्हींतल्या मुलांची झोप, हजेरी आणि पहिल्या तासाचे गुण मोजावेत. मोजणारी माणसे बाहेरून आणावी लागणार नाहीत. पाषाणला आयसर ही विज्ञानसंस्था आहे, गणेशखिंडीत विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग आहे. खासगी शाळांना थांबण्याची गरज नाही. वेळापत्रक आणि व्हॅनच्या फेऱ्या जूनमध्ये बदलायच्या तर निर्णय आधीचे वर्ष संपण्यापूर्वी व्हावा लागतो, म्हणून हा विषय पालक-शिक्षक संघाच्या जानेवारी-फेब्रुवारीतल्या सभेच्या विषयपत्रिकेवर, स्नेहसंमेलनाच्या खर्चाच्या आधी, लेखी देऊन घालावा लागेल.